ॲना मे वाँग : एका अभिनेत्रीचे चरित्र आणि गुन्हेपटातील 'परकी' स्त्री

१

अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात साधारणतः १९२० ते १९५० हा काळ स्टुडिओ-पर्व म्हणून ओळखला जातो. पॅरामाउंट, मेट्रो-गोल्डविन-मेयर, वॉर्नर ब्रदर्स यांसारख्या मोजक्या संस्थांच्या हाती या काळात निर्मिती, वितरण आणि बऱ्याच अंशी प्रदर्शनही एकवटलेले होते. नट-नट्या कराराने बांधलेल्या असत आणि कथांचे ठराविक साचे तयार झालेले असत. गुन्हेपट हा त्यांतील अतिशय लोकप्रिय साचा होय. टोळीप्रमुख, गुप्तहेर, अंधाऱ्या गल्ल्या, अफूचे अड्डे, रात्रीचे नृत्यगृह आणि शेवटी न्यायाचा विजय ही त्याची परिचित सामग्री. या सामग्रीत चिनी माणसाचे स्थान पूर्वीच ठरून गेलेले होते. तो एक तर कारस्थानी खलनायक असे, नाही तर सुभाषिते बोलणारा सौम्य गुप्तहेर असे. आणि दोन्ही भूमिका बहुधा रंगभूषेने चिनी केलेला गोरा नट करीत असे. चिनी स्त्रीलाही असेच दोन पर्याय होते. तिने प्रेमासाठी मरावयाचे किंवा पापासाठी मरावयाचे.

या व्यवस्थेत जवळजवळ चार दशके काम केलेली पहिली चिनी-अमेरिकन चित्रतारका म्हणजे ॲना मे वाँग (१९०५-१९६१). तिचे चरित्र आजवर बहुधा दोन प्रकारांनी सांगितले गेले. एका प्रकारात ती वर्णभेदाची बळी ठरते आणि तिच्या वाट्याला न आलेल्या भूमिकांची यादी हेच तिचे चरित्र होऊन बसते. दुसऱ्या प्रकारात पौर्वात्य स्त्रीची हीन प्रतिमा स्वतःच्या देहाने दृढ करणारी नटी म्हणून तिच्यावर ठपका येतो. दोन्ही मांडण्यांना आधार आहे. मात्र दोन्हींत तिच्या कामाचा तपशील हरवतो, आणि ज्या चित्रप्रकाराने तिला सर्वाधिक वेळा मारले त्याच प्रकाराने तिला काही काळ सर्वाधिक मोकळीक का दिली, हा प्रश्न विचारावयाचाच राहून जातो. तिच्या जीवनक्रमाकडे या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणे उपयुक्त ठरेल.

२

ॲना मे वाँगचा जन्म ३ जानेवारी १९०५ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वाँग लिउ त्सोंग हे तिचे चिनी नाव. पिवळ्या विलो वृक्षावरील दहिवर असा त्याचा काहीसा अर्थ होतो. वडील वाँग सॅम सिंग यांचा कपडे धुण्याचा व्यवसाय होता. आईचे नाव ली गोन टॉय. आई-वडील दोघेही अमेरिकेतच जन्मलेले. आजोबा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, सोन्याच्या शोधात माणसे कॅलिफोर्नियात लोटत होती त्या काळात आलेले. म्हणजे ॲना मे ही अमेरिकेतील तिसऱ्या पिढीतील मुलगी. असे असूनही १८८२ च्या चिनी-प्रतिबंधक कायद्याची सावली तिच्यावर आयुष्याचा मोठा भाग राहिली. जन्माने नागरिक असतानाही परदेशी जाण्यापूर्वी परतीचा हक्क शाबूत राहावा म्हणून तिला दरवेळी सरकारी अर्ज भरून आपली ओळख सिद्ध करावी लागे. पडद्यावरील तिच्या परकेपणाचा विचार करताना या कागदोपत्री परकेपणाचा विसर पडू देता कामा नये.

तिचे कुटुंब चिनी वस्तीच्या आत नव्हे, तर तिच्या कडेला, अनेक वंशांच्या लोकांत राहत असे. पहिल्या शाळेत गोऱ्या मुलांनी केलेला छळ असह्य झाल्यावर तिला आणि तिच्या थोरल्या बहिणीला चिनी वस्तीतील मिशनच्या शाळेत घालण्यात आले. त्याच सुमारास चित्रपटसंस्था न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियात स्थलांतरित होत होत्या आणि चिनी वस्तीच्या रस्त्यांवर चित्रीकरण होऊ लागले होते. शाळा चुकवून चित्रीकरण पाहत उभी राहणारी, कॅमेऱ्यामागच्या माणसांना प्रश्न विचारणारी ही मुलगी तेथील मंडळींच्या परिचयाची झाली. धुलाईच्या दुकानात मिळालेले पैसे ती चित्रगृहात खर्च करी. वडिलांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. नटीचा धंदा त्यांच्या दृष्टीने कुलीन नव्हता.

१९१९ साली 'द रेड लँटर्न' या चित्रपटासाठी शेकडो चिनी एक्स्ट्रांची गरज निर्माण झाली, आणि हाती कंदील घेतलेल्या गर्दीत ॲना मेला प्रथम स्थान मिळाले. या चित्रपटातील अर्ध-चिनी नायिकेची भूमिका रशियात जन्मलेल्या अल्ला नाझिमोव्हा हिने केली होती. गर्दी चिनी आणि नायिका गोरी ही वाटणी तिला तिच्या पहिल्याच दिवशी अशी पाहावयास मिळाली. पुढे १९२१ मध्ये शाळा सोडून ती पूर्णवेळ अभिनयाकडे वळली. त्याच वर्षीच्या 'बिट्स ऑफ लाइफ'मध्ये चिनी रंगभूषेतील लॉन चेनीच्या पत्नीची भूमिका करताना श्रेयनामावलीत तिचे नाव प्रथम झळकले.

३

१९२२ च्या 'द टोल ऑफ द सी' या चित्रपटात सतरा वर्षांच्या ॲना मेला नायिकेची भूमिका मिळाली. टेक्निकलरच्या दोन रंगांच्या प्रक्रियेने तयार झालेला हा चित्रपट म्हणजे 'मादाम बटरफ्लाय'चीच चिनी आवृत्ती होती. गोऱ्या पुरुषावर विश्वास ठेवणारी पौर्वात्य मुलगी अखेरीस आपले मूल त्याच्या गोऱ्या पत्नीच्या स्वाधीन करते आणि समुद्रात जीव देते. समीक्षकांनी तिच्या अभिनयातील संयमाची विशेष नोंद घेतली. परंतु या यशातून नायिकेच्या भूमिकांची मालिका निर्माण झाली नाही. १९२४ मध्ये डग्लस फेअरबँक्सच्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये तिने हेर असलेल्या मंगोल दासीची भूमिका केली. या भूमिकेने तिला जगभर ओळख दिली आणि त्याबरोबरच विश्वासघातकी पौर्वात्य स्त्री हा दुसरा साचाही तिच्या नावाशी जोडला गेला.

यानंतरच्या तीन-चार वर्षांत गुन्ह्याच्या आणि कारस्थानाच्या कथांतून तिला सतत दुय्यम स्थाने मिळाली. १९२७ च्या 'मिस्टर वू'मध्ये चिनी नायिकेची भूमिका फ्रेंच वंशाच्या रेने आदोरे हिच्याकडे गेली. १९२८ च्या 'द क्रिमझन सिटी'मध्ये मर्ना लॉय चिनी झाली आणि ॲना मे तिच्या मागे उभी राहिली. त्याच काळातील 'द चायनीज पॅरट' (१९२७) हा चार्ली चान या गुप्तहेरावरील सुरुवातीच्या चित्रपटांपैकी एक. त्यातही तिला लहानशीच भूमिका होती. चिनी वेशभूषा आणि हालचाली यांचा अस्सलपणा तिच्याकडून घ्यावयाचा आणि मध्यवर्ती स्थान मात्र दुसरीला द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

१९२८ साली ती युरोपला गेली. बर्लिनमध्ये दिग्दर्शक रिखार्ड आइखबेर्ग याने 'सॉन्ग'सारख्या चित्रपटांत तिला नायिका केले. तेथील बुद्धिजीवी वर्तुळातही तिच्याविषयी कुतूहल होते; वाल्टर बेन्यामीन या विचारवंताने तिची भेट घेऊन तिच्यावर लेख लिहिला. लंडनमध्ये इ. ए. ड्यूपाँ याच्या 'पिकॅडिली' (१९२९) या मूकपटात तिने आपल्या कारकिर्दीतील सर्वश्रेष्ठ गणली जाणारी भूमिका केली. उपाहारगृहाच्या भांडी घासण्याच्या खोलीत काम करणारी शोशो ही मुलगी नृत्याच्या बळावर त्याच गृहाची मुख्य नर्तकी होते. आपली किंमत ती स्वतः ठरवते, करारावर आपल्या चिनी नावाने सही करते आणि मालकालाही आपल्या अटींवर वागावयास लावते. कथेच्या अखेरीस तिचा खून होतो आणि चित्रपट खटल्याच्या दिशेने वळतो. मालक आणि शोशो यांचे चुंबन पडद्यावर दिसत नाही. युरोपातही मोकळिकीला मर्यादा होतीच. तरी पूर्वीच्या भूमिकांहून एक फरक येथे ठळकपणे जाणवतो. शोशो मरते ती त्यागासाठी नव्हे. तिला काहीतरी हवे असते आणि ते मिळवण्याइतकी ती हुशार असते. मृत्यू साच्यातला असला, तरी पात्र साच्याबाहेरचे आहे.

बोलपटाच्या आगमनाबरोबर तिच्यासमोर भाषेचा प्रश्न उभा राहिला. १९२९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर 'द सर्कल ऑफ चॉक' या नाटकात काम करताना तिच्या कॅलिफोर्नियन उच्चारांवर टीका झाली. चिनी दिसणारी नटी अमेरिकन बोलते हे प्रेक्षकांना रुचले नाही. तिने शिक्षक ठेवून उच्चार सुधारले. पुढच्या वर्षी एकाच कथेच्या इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा तिन्ही आवृत्त्यांत तिने काम केले, तर व्हिएन्नाच्या रंगभूमीवर जर्मन भाषेत संगीतिका केली. ज्या नटीला हॉलिवूड मोडके इंग्रजी बोलावयास लावत असे, ती तीन भाषांत संवाद म्हणू शकत होती, याची नोंद केली पाहिजे.

४

१९३० मध्ये ती अमेरिकेत परतली, तेव्हा ब्रॉडवेवर एडगर वॉलेसच्या 'ऑन द स्पॉट' या नाटकात तिला प्रमुख भूमिका मिळाली. शिकागोच्या अल कपोनवरून सुचलेल्या या नाटकात टोळीप्रमुखाची चिनी रखेली शेवटी आत्महत्या करते, आणि अनेक खून पचवणारा तो टोळीप्रमुख न केलेल्या या एका खुनाच्या आरोपात सापडतो. नाटकाचे १६७ प्रयोग झाले. याच काळात तिची आई मोटारीच्या अपघातात मरण पावली. नाटकाच्या यशामुळे पॅरामाउंटने तिच्याशी करार केला.

या कराराचे पहिले फळ म्हणजे 'डॉटर ऑफ द ड्रॅगन' (१९३१). फू मांचू या कुप्रसिद्ध खलनायकाची मुलगी लिंग मॉय ही तिची भूमिका. बापाच्या आज्ञेने सूड घेणे हे तिचे कार्य. बाप झाला होता स्वीडनमध्ये जन्मलेला वॉर्नर ओलंड. जपानी नट सेस्यू हायाकावा याने चिनी गुप्तहेराची भूमिका केली होती. अग्रस्थानी ॲना मेचे नाव असतानाही तिला ६,००० डॉलर, हायाकावाला १०,००० डॉलर आणि थोडाच वेळ पडद्यावर दिसणाऱ्या ओलंडला १२,००० डॉलर मिळाले. प्रतिमेच्या प्रश्नामागे मोबदल्याचा प्रश्न कसा दडलेला असतो, हे या तीन आकड्यांतून स्पष्ट होते.

पुढील वर्षीच्या 'शांघाय एक्सप्रेस'मध्ये (१९३२) जोसेफ फॉन स्टर्नबर्गने तिला मार्लेन डीट्रिशच्या बरोबरीने उभे केले. तिची हुई फेइ ही भूमिका शब्दांनी लहान आहे. परंतु आपल्यावर अत्याचार करणाऱ्या लष्करशहाचा वध तीच करते आणि कथेचा पेच सोडवते. चिनी वृत्तपत्रांनी मात्र तिच्यावर कडाडून टीका केली. चिनी स्त्रीला वेश्येच्या रूपात दाखवून तिने देशाची बदनामी केली, असा त्यांचा आक्षेप होता. ही टीका अन्याय्य म्हणून सोडून देण्याजोगी नाही. साम्राज्यवादी सत्तांच्या दडपणाखाली असलेल्या एका राष्ट्राला आपल्या प्रतिमेविषयी वाटणारी चिंता तीत व्यक्त झाली होती. मात्र पटकथा लिहिणारे आणि पैसा लावणारे दूर असल्याने आरोपाचे ओझे पडद्यावर दिसणाऱ्या एकटीच्या खांद्यांवर आले.

१९३० मध्ये स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मिती-संहितेने तिची वाट अधिक अरुंद केली. संहितेच्या शब्दांत गोऱ्या व काळ्या वंशांतील शरीरसंबंधांच्या चित्रणाला बंदी होती. प्रत्यक्षात चित्रसंस्था आशियाई पात्रांच्या बाबतीतही तीच सावधगिरी बाळगीत. नायक गोरा असणार हे गृहीत होते. म्हणून चिनी नटी त्याची प्रेयसी होऊ शकत नसे, आणि जी प्रेयसी होऊ शकत नाही ती नायिकाही होऊ शकत नसे. ती प्रेमात पडलीच तर अखेरीस तिला मरणे भाग असे. 'लाइमहाउस ब्लूज'मध्ये (१९३४) जॉर्ज राफ्ट अर्ध-चिनी टोळीप्रमुख झाला. त्याने गोऱ्या मुलीकडे पाहताच ॲना मेच्या पात्राने आत्महत्या करावी हे ओघानेच आले. पडद्यावरच्या या नियमाला कायद्याचीही साथ होती. कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि आशियाई व्यक्तींचा विवाह १९४८ पर्यंत बेकायदेशीर होता. ॲना मे अखेरपर्यंत अविवाहित राहिली.

या सर्व अपमानांचा कळस पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीच्या चित्रपटात रूपांतराच्या वेळी झाला. चिनी शेतकरी स्त्री ओ-लानची भूमिका आपल्याला मिळावी ही तिची मोठी इच्छा होती. मेट्रो-गोल्डविन-मेयरने नायक म्हणून पॉल मुनीची निवड केली, आणि गोऱ्या नटासमोर पत्नी म्हणून चिनी नटी उभी करण्याचा प्रश्नच उरला नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ओ-लान झाली लुइझा रायनर. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. ॲना मेचा विचार झाला तो लोटस या मोहिनी घालणाऱ्या दुसऱ्या स्त्रीच्या भूमिकेसाठी. चिनी रक्ताच्या एकटीने कथेतील एकमेव अप्रिय पात्र रंगवावे हे तिला मान्य नव्हते, असे सामान्यतः सांगितले जाते. ती भूमिकाही शेवटी व्हिएन्नाच्या टिली लॉश हिने केली.

५

१९३६ च्या आरंभी ॲना मे चीनला निघाली. वडील दोन वर्षांपूर्वीच धाकट्या मुलांसह मूळ गावी परतले होते. ज्या देशाचे प्रतिनिधित्व ती सतरा वर्षे करीत होती, तो देश ती प्रथमच पाहत होती. शांघायमध्ये तिचे स्वागत झाले, पण तेथील भाषा तिला येत नव्हती. घरात बोलली जाणारी दक्षिणेकडील बोली आणि मंदारिन यांत मोठे अंतर होते. तिने मंदारिन शिकण्यास प्रारंभ केला, पेकिंगमध्ये पारंपरिक रंगभूमीचा जवळून परिचय करून घेतला, मूळ गावाला भेट दिली. एका अमेरिकन वृत्तपत्रासाठी तिने या प्रवासाची वर्णने लिहिली आणि छायाचित्रकाराच्या साहाय्याने त्याचे चित्रणही करवून घेतले. अमेरिकेत चिनी आणि चीनमध्ये अमेरिकन ठरण्याचा अनुभव तिला आला. मात्र या प्रवासातून ती खचून परतली नाही. यापुढे कोणत्या भूमिका करावयाच्या याविषयी तिची भूमिका अधिक स्पष्ट झाली, हे तिच्या नंतरच्या चित्रपटांवरून दिसते.

पॅरामाउंटशी झालेल्या नव्या करारान्वये १९३७ ते १९३९ या काळात तिने जे चित्रपट केले ते सर्व दुय्यम दर्जाचे, म्हणजे मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवावयाचे, अल्प खर्चाचे गुन्हेपट होते. प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही घसरण होती. तथापि तिच्या कारकिर्दीचा विचार करणाऱ्याने याच चित्रपटांपाशी सर्वाधिक थांबले पाहिजे.

रॉबर्ट फ्लोरी दिग्दर्शित 'डॉटर ऑफ शांघाय' (१९३७) हा जेमतेम तासाभराचा चित्रपट. सॅन फ्रान्सिस्कोतील एक चिनी व्यापारी, माणसांची चोरटी आयात करणाऱ्या टोळीला नकार देतो म्हणून मारला जातो. त्याची मुलगी लॅन यिंग स्वतः टोळीच्या मागावर निघते. नर्तकीचा वेश घेऊन मध्य अमेरिकेतील अड्ड्यात शिरते. तिला साथ देतो तो किम ली हा सरकारी गुप्तहेर. ही भूमिका फिलिप आन या नटाने केली. कोरियन स्वातंत्र्यचळवळीचे नेते आन छांग-हो यांचा हा मुलगा. टोळीचे सूत्रधार कोण, या प्रश्नाचे उत्तर अखेरीस मिळते ते एका प्रतिष्ठित, धनिक गोऱ्या बाईच्या दिवाणखान्यात. नायक-नायिका दोघेही आशियाई, दोघेही अमेरिकन, दोघेही स्वच्छ इंग्रजी बोलणारे, खलनायिका गोरी, आणि शेवटी मृत्यूऐवजी विवाहाची मागणी. हॉलिवूडच्या प्रस्थापित साच्याची ही सरळसरळ उलटापालट होय.

हे घडू शकले याची कारणे शोधावी लागतात. मोठ्या चित्रपटात मोठे भांडवल गुंतलेले असे. तेथे नायकपद तारांकित गोऱ्या नटाकडेच जाई आणि मग संहितेचा प्रश्न उपस्थित होई. दुय्यम चित्रपटाचे भाडे बहुधा ठराविक असे, त्यामुळे जोखीम कमी आणि वरिष्ठांचे लक्षही कमी. नायकही आशियाई घेतला की मिश्रप्रेमाचा पेच आपोआप नाहीसा होई. शिवाय १९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर युद्ध लादल्यानंतर अमेरिकन जनमत चीनला अनुकूल झाले होते. याखेरीज गुन्हेपटाच्या रचनेतच एक सोय असते. शोध घेणारी व्यक्ती कथेची सूत्रधार बनते. प्रेमकथेत चिनी स्त्रीला प्रेयसी होण्याची मनाई होती. शोधकथेत मात्र तिला शोधक होण्याची मनाई कोणी केलेली नव्हती. त्या फटीतून ॲना मेने प्रवेश केला.

अर्थात ही मोकळीक सलग नव्हती. 'डेंजरस टू नो' (१९३८) हे 'ऑन द स्पॉट'चेच रूपांतर. त्यात तिला पुन्हा टोळीप्रमुखासाठी जीव द्यावा लागला. 'व्हेन वेअर यू बॉर्न'मध्ये (१९३८) ती ज्योतिषाच्या साहाय्याने खुनाचा उलगडा करते. येथे बुद्धी आहे, पण ती पौर्वात्य गूढतेच्या वेष्टनात. 'किंग ऑफ चायनाटाउन' (१९३९) यात ती शल्यविशारद डॉ. मेरी लिंग आहे. गोळी लागलेल्या टोळीप्रमुखाचे प्राण ती वाचवते, त्याच्या उपकाराने बांधली जात नाही, आणि अखेर वकील असलेल्या आपल्या भावी पतीसह युद्धग्रस्त चीनमध्ये वैद्यकीय सेवेसाठी जाते. भावी पती पुन्हा फिलिप आन. तिच्या वडिलांच्या भूमिकेत मात्र सिडनी टोलर हा गोरा नट होता. ओलंडच्या मृत्यूनंतर चार्ली चानची भूमिका त्याच्याकडे आली. मुलगी चिनी आणि बाप रंगवलेला, अशी ही तडजोड त्या काळाचे यथार्थ चित्र आहे. चान, मोटो, वाँग हे पडद्यावरचे तिन्ही प्रसिद्ध आशियाई गुप्तहेर या वर्षांत अनुक्रमे टोलर, पीटर लोरे आणि बोरिस कार्लोफ यांच्या वाट्याला होते. १९४० च्या 'फँटम ऑफ चायनाटाउन'मध्ये वाँगची भूमिका की ल्यूक या चिनी वंशाच्या नटाने केली; त्या मालिकेतील तो शेवटचा चित्रपट ठरला.

६

युद्धकाळात तिने आपले पोशाख लिलावात काढून चीनच्या मदतीसाठी पैसा उभा केला. 'बॉम्ब्ज ओव्हर बर्मा' आणि 'लेडी फ्रॉम चुंगकिंग' (दोन्ही १९४२) या अल्प खर्चाच्या युद्धपटांचा मोबदला तिने चीन मदतनिधीला दिला. असे असूनही १९४३ मध्ये मादाम च्यांग काय-शेक यांच्या सन्मानार्थ हॉलिवूडमध्ये मोठा समारंभ झाला तेव्हा व्यासपीठावरील ताऱ्यांत तिला स्थान नव्हते. धुलाईवाल्याची मुलगी आणि पडद्यावरची रखेली ही तिची ओळख नव्या, सुसंस्कृत चीनच्या प्रतिमेत बसत नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी-प्रतिबंधक कायदा रद्द झाला. चीनच्या वाट्याला वर्षाकाठी १०५ स्थलांतरितांची मर्यादा आली.

यानंतर सात वर्षे ती पडद्यावर नव्हती. १९४९ च्या 'इम्पॅक्ट' या गुन्हेपटात ती परतली ती मोलकरणीच्या भूमिकेत. भूमिका लहान असली तरी खटल्याला वळण देणारी माहिती या मोलकरणीकडेच असते. १९५१ मध्ये ड्यूमाँट या दूरचित्रवाणी-संस्थेने 'द गॅलरी ऑफ मादाम लिउ-त्सोंग' ही मालिका प्रसारित केली. कलावस्तूंच्या दालनाची मालकीण आणि गुन्ह्यांचा शोध घेणारी स्त्री अशी तिची भूमिका होती, आणि शीर्षकात तिचे स्वतःचे चिनी नाव होते. आशियाई-अमेरिकन व्यक्ती प्रमुख भूमिकेत असलेली ही अमेरिकेतील पहिली दूरचित्रवाणी मालिका. ती एका हंगामापलीकडे चालली नाही. तिचा एकही भाग आज उपलब्ध नाही.

शेवटची वर्षे तिने धाकट्या भावासह सांता मोनिकात काढली. मद्यपान आणि यकृताचा विकार यांनी तिची प्रकृती खालावत गेली. १९६० मध्ये 'पोर्ट्रेट इन ब्लॅक' या खूनकथेत ती पुन्हा एकदा घर सांभाळणारी बाई झाली. 'फ्लॉवर ड्रम साँग' या, बहुतांशी आशियाई नटसंच असलेल्या संगीतपटात तिची निवड झाली होती. परंतु ३ फेब्रुवारी १९६१ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी हृदयविकाराने तिचा मृत्यू झाला. तिच्यासाठी ठरलेली मादाम लियांगची भूमिका आफ्रिकन-अमेरिकन नटी ह्वानिता हॉल हिने केली.

लॉस एंजेलिसच्या एंजेलस रोझडेल दफनभूमीत आईच्याच कबरीत तिच्या अस्थी ठेवण्यात आल्या. शिळेच्या मध्यभागी आईचे नाव आहे. मुलीचे नाव चिनी अक्षरांत कडेला कोरलेले आहे.

७

मृत्यूनंतर काही दशके ॲना मे वाँगची उपेक्षा झाली. विशेषतः आशियाई-अमेरिकन समाजात आत्मभान जागे झाल्यावर तिच्या भूमिका लाजिरवाण्या वाटू लागल्या. पुढे 'पिकॅडिली'च्या जीर्णोद्धारित प्रतीचे प्रदर्शन, २००४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली चरित्रे, २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत झालेला 'डॉटर ऑफ शांघाय'चा समावेश आणि २०२२ मध्ये अमेरिकन नाण्यावर उमटलेली तिची मुद्रा, असा पुनर्मूल्यांकनाचा क्रम दिसतो. नाण्यावर येणारी ती पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती होय.

या गौरवामुळे एक नवी अडचण निर्माण होण्याचा संभव आहे. पूर्वी ती खलस्त्रीच्या साच्यात होती. आता हुतात्म्याच्या किंवा अग्रदूताच्या साच्यात बसवली जाईल. दोन्ही वेळी तिचे चित्रपट प्रत्यक्ष पाहण्याचे कारण उरत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला यातून घेण्यासारखा मुद्दा पद्धतीचा आहे. प्रतिनिधित्वाची चर्चा करताना एखाद्या समाजाचे पात्र कृतीत आहे की नाही, चांगले आहे की वाईट, एवढी मोजदाद पुरेशी नसते. कथानकात माहिती कोणाच्या हाती आहे, निर्णय कोण घेते, मृत्यू कोणाच्या सोयीसाठी घडतो, आणि त्या पात्राला बोलावयास कोणती भाषा दिली आहे, हे तपासावे लागते. या कसोट्या लावल्या म्हणजे शोशो, हुई फेइ, लॅन यिंग आणि 'इम्पॅक्ट'मधील मोलकरीण यांच्यातील नाते दिसू लागते. दर्जा कमी-जास्त असला तरी या चौघींच्या हाती काही ना काही सूत्र आहे. ते ज्या चित्रपटांत सर्वाधिक काळ तिच्या हाती राहिले, ते प्रतिष्ठेच्या यादीत सर्वांत खाली होते, ही गोष्ट त्या व्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.